चक्कर हा माझा शब्द

सायली गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात सुपारी वाळत घालत होते. तिच्या आईचा फोन लागेना म्हणून पनवेलहून तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने मला केला. "काकू, ती अंघोळीला गेली होती. आतून कडी होती... तिला चक्कर यायची ना?" मी हो म्हटलं. त्या क्षणीसुद्धा माझ्या तोंडून हो निघालं. त्याला सात आठवडे झाले. लिहायला बसते, उठून वाडीत जाते, परत येऊन लिहिलेलं खोडते.

सायली माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, वय तेवीस. तिला फिट यायच्या. पहिली आली आठवीत, शाळेच्या प्रार्थनेला, आणि कुणीतरी तिच्या नाकाला चप्पल लावली. गोळ्या सुरू झाल्यावर महिनोन्‌महिने काही होत नसे. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळी चुकवायची नाही, जागरण नको, अंघोळीला कडी लावायची नाही. श्रीवर्धनच्या घरी त्या उघड्या कडीचं कुणाला काही वाटत नसे. बहीण भाकऱ्या थापता थापता हाक मारायची, "सायले?" आणि आतून उत्तर यायचं, "आहे गो."

पोरीला आपला आजार आमच्यापेक्षा जास्त कळायचा. मी एकदा अमावास्येचं काढलं तर म्हणाली, "मावशी, वाडीतल्या पंपाचं व्होल्टेज मध्येच वाढतं ना, तसं डोक्यात होतं. त्याला अमावास्या काय करणार?" तीस वर्षं शाळेत शिकवलेली मी, आणि हे पोरीकडून शिकले.

पुढे तिला स्थळं बघायला लागलो आणि नको ते शहाणपण मी शिकवलं. "फिट म्हणू नकोस. चक्कर म्हणायचं, रक्त कमी आहे म्हणायचं." ती पनवेलला नोकरीला निघाली तेव्हा एसटी स्टँडवरही तेच घोकून घेतलं, कारण खोलीतली एक मुलगी आमच्याच तालुक्यातली होती. सायलीने विचारलं, "मग कडीचं काय सांगू? नुसती चक्कर येणारी कोण दार उघडं ठेवून अंघोळ करते?" गाडी लागली होती. मी म्हटलं, "काहीतरी सांग गं."

मला तिचा राग येतो. एवढी हुशार, मग माझं कशाला ऐकलंस? मग स्वतःचा येतो, आणि तो काही केल्या जात नाही.

परवा तिची बॅग उघडली. कपड्यांच्या घडीत एक कागद होता, ठळक अक्षरांत लिहिलेला. "मला फिट येते. घाबरू नका. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखान्यात न्या. मी बाथरूमची कडी लावणार नाही, हसू नका." चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेली. एकाही पट्टीला भिंतीचा रंग लागलेला नव्हता... आणि खाली, बारीक अक्षरांत, "माझ्या मावशीला यातलं काही कळवू नका."