कार्ड अक्कांपाशी

अक्का रेशनकार्ड ज्वारीच्या पिपात ठेवायच्या. स्वतःचं आणि आमचंही. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, कोपरापर्यंत हात खुपसून अगदी तळाशी. "चोर काय पीप उचलून न्हेतोय? कंबर मोडंल मुडद्याची," असं वर म्हणायच्या.

आमची भिंतीला भिंत. अक्का दिवसभर दारात बसून टॉवेलांच्या कडा शिवायच्या. बाबा गेल्यावर एका एजंटाने त्यांचं नाव कमी करून देतो म्हणून आमचं कार्ड नेलं, आईचा अंगठा घेतला आणि धान्य परस्पर उचललं. आमची चूल त्या धान्यावर चालायची. कार्ड कसंबसं परत मिळालं, तेव्हा आईने ते थेट अक्कांच्या हाती दिलं. मी कापडाच्या दुकानात बिलं करणारी, शिकलेली, सख्खी लेक समोर उभी होते! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

रेशनच्या दिवशी दोघी जोडीने जायच्या. दुकानात आईचं मनगट अक्कांच्या मुठीत. "आदी गहू काट्यावर दिसू दे, मग अंगठा." घरी आल्यावर आई मला हेच पुन्हा पुन्हा ऐकवायची. माझं एक वाक्य तिने कधी असं धरून ठेवलं नाही.

एकदा छोटं मशीन घेऊन एक माणूस दारात आला. केवायसी केली नाही तर कार्ड आजच बंद होईल म्हणाला.  आईने मला अक्कांकडे कार्ड आणायला पिटाळलं. अक्का सुई खाली ठेवीनात.

"आईला येऊ दे. पोरीच्या हाती देत न्हाय."

"मी तिची लेक हाय की!"

"लेक हायेस. मालकीण न्हाईस."

मी रडकुंडीला आले. अक्का मात्र उठून आमच्या दारात गेल्या आणि त्या माणसाला म्हणाल्या, "चल की, रेशन दुकानात जाऊ. तितल्या मशीनवर लावतो अंगठा." त्याने गाडीला किक मारली आणि गेला तो गेलाच. आई अक्कांच्या गळ्यात पडली. सुटकेचा आनंद मलाही झाला, पण ती मिठी मला बघवली नाही.

पुढे त्यांच्या मुलाला रेल्वेत नोकरी लागली आणि अक्का कुर्डुवाडीला गेल्या. निघताना मी हात पुढे केला होता. त्यांनी तो ओलांडून कार्ड आईच्या ओटीत घातलं.

आता आईचे गुडघे धरलेत. गेल्या महिन्यात मी म्हटलं, रेशन मी आणते, कार्ड दे. तर म्हणाली, "थांब, अक्कांना इचारते." माझ्यासमोर फोन लावला.

"दे तिला," पलीकडून अक्का खणखणीत बोलल्या. "इतकी वर्सं माज्यावर जळतीया, मला काय कळत न्हाय व्हय? कार्डापायी एवढी जळणारी पोरगी ते कुणाला हात लावू देणार न्हाय."

मी पिशवी घेऊन निघाले. रेशन आणलं आणि कार्ड आमच्या ज्वारीच्या पिपात खुपसलं.

"आनखी खाली," आई म्हणाली. "अक्का कोपरापातूर हात घालायच्या."