भिंतीवरची आमची ओळ

बेसा येथील आमच्या वसाहतीच्या फाटकाजवळील भिंतीवर प्रत्येक धर्माचे सार एकेका ओळीत रंगवण्याचा ठराव झाला, तेव्हाच मला संशय आला. सार मागणाऱ्याला बहुधा उरलेले ऐकायचे नसते. परंतु वसाहतीत यहुदी घर आमचे एकटेच, आणि माझी नातवंडे रोज त्याच फाटकातून शाळेला जातात. तिथे जे लिहिले जाईल तोच शेजाऱ्यांच्या आणि कदाचित नातवंडांच्याही लेखी आमचा धर्म ठरणार होता. म्हणून ती ओळ मीच देईन, असे मी सचिवांना बजावले. त्यांनी रविवारपर्यंतची मुदत दिली.

सचिव मौद्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले अभियंते. त्यांच्या मोबाइलवर उत्तर तयारच होते: 'देव एकच आहे.' मी विचारले, "मग मुसलमानांच्या आणि ख्रिस्ती लोकांच्या ओळीत काय लिहिणार?" ते नुसते हसले.

माझे माप वेगळे होते. माझे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत. ग्रंथ हरवले, भाषा हरवली. शनिवारी घाणा मात्र बंद राहिला, आणि गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. अभ्यासक सांगतात, एकेश्वराच्या प्रार्थनेने आम्हाला तारले. त्या प्रार्थनेचे हिब्रू शब्द टिकले, हे मला मान्य आहे. पण त्यांचा अर्थ कोणाला कळत होता? अर्थच विसरलेला विचार माणसांना कसा तारील? धर्माचा गाभा ठरवायचा, तर सगळे गेल्यावरही लोकांनी काय सोडले नाही, ते आधी पाहावे.

शुक्रवारी दुपारी मी कागदावर तीन वाक्ये लिहिली. त्यांतले 'देवाशी झालेला करार' हे मला सर्वांत जवळचे वाटत होते. दोन खोडायची राहिली आणि सूर्य मावळला. शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विसावा लागला; सगळ्या कामांबरोबर लेखणीही बंद.

शनिवारी दुपारी घंटा वाजली. दारात सचिव, आणि त्यांच्यामागे आमच्या इमारतीतल्या निवृत्त शिक्षिका. त्यांचे कुटुंब छप्पन्न साली दीक्षाभूमीवर बौद्ध झाले.

"काकाजी, पेंटर शिडीवर चढून राहिला. उद्या त्याले भिवापूरला लग्नाले जायचं आहे. ओळ द्या."

"आज मी लिहीत नाही."

"मंग बोला न! मी लिहून घेतो."

"माझ्या सांगण्यावरून तुम्ही लिहिलेत, तरी ते काम माझेच झाले."

"टेबलावर कागद दिसून राहिला. नुसतं बोट दाखवा."

"तेही तेच."

"काहून एवढं गा? एक ओळ तर आहे!"

"एक ओळ आहे म्हणूनच," बाई म्हणाल्या. "आमच्या ओळीत 'शांती' लिहून टाकलं, ते कोणाले विचारून? दादांले तरी थांबू द्या."

"पेंटर थांबत नाही, बाई!"

मला दाट शंका होती, आणि आजही आहे, की शनिवार सचिवांनी मुद्दाम निवडला होता. तारे दिसून शब्बाथ संपायला चार तास होते. नातवंडांच्या डोळ्यांसमोर चुकीची ओळ कायमची जाईल, हे मला स्वच्छ दिसत होते. एका बोटाने ते टळले असते. मी हात मागे बांधून उभा राहिलो. हा धर्म होता की हट्ट, अशी शंका मी स्वतःवरही घेतली; पण हात सोडले नाहीत.

संध्याकाळी भिंतीवर 'देव एकच आहे' असे निळ्या रंगात उमटलेले होते. धाकटी नात म्हणाली, "आजोबा, आपलं किती सोपं आहे!" ते वाक्य मला सचिवांच्या हसण्यापेक्षा अधिक बोचले.

रविवारी सकाळी मी रीतसर अर्ज लिहायला बसलो. तीन वाक्यांचा कागद समोर घेतला आणि तिन्ही खोडली. आदल्या दुपारी ज्याने माझा हात धरला, ते त्यांत नव्हते. अर्जात लिहिले: 'यहुदी धर्म: जे मान्य केले, ते गैरसोयीच्या दिवशीही पाळणे. कृपया आमची ओळ बदलावी.' बाईंनी वाचून खाली सही केली आणि स्वतःच्या ओळीबद्दलचा अर्जही त्यालाच टाचला.

सचिव म्हणाले, पेंटर परत आला की पाहू. मी पोच मागितली. त्यांनी तीवर सही केली. तारीख मात्र घातली नव्हती. मी तो कागद त्यांना परत दिला आणि तारीख पडेपर्यंत त्यांच्या दारातून हललो नाही.