बैठकभाऊंचा होकार

बैठकभाऊ उभ्याने कुणाशी बोलत नसत. उपकेंद्रातली मी एकटी नर्स, खांद्याला लशींचा डबा, पुढची गावं बाकी, तरी वाटेत गाठ पडली की ते आधी स्वतः मातीत फतकल मारणार आणि मग म्हणणार, "बसा न बाई. उभ्या मानसाचं अर्धं मन वाटंतच रायते." मी चरफडत बसायची. थोड्या वेळाने चरफडायचं विसरून गप्पा मारत राहायची.

एटापल्लीकडचं हे गोंडांचं लहानसं गाव. जंगलावरचा हक्क गावाला मिळाला आणि ठेकेदाराला बाजूला सारून बिडीचा तेंदूपत्ता ग्रामसभा स्वतः विकू लागली, त्यामागे हे गुडघे धरून चालणारं माणूस होतं. विकण्याआधी गोटुलासमोर, म्हणजे गावाच्या सामाईक घरापुढे, सगळं गाव बसे. हात वर करून बहुमत वगैरे काही नाही, प्रत्येक घराचा होकार हवा. एकदा एका म्हातारीने सगळ्यांना चांगलंच तंगवलं. देवाच्या जागेजवळची झाडं सोडा, म्हणून अडून बसली. मी वैतागून म्हटलं, "भाऊ, एका बुढीसाठी सारं गाव अडून राह्यलं!" ते हसले. "तिले न इचारता इकलं, तर उद्या ठेकेदार पयले तिच्याच घरी जाईन." झाडं सोडली आणि मगच सौदा झाला.

त्या वर्षांत गावात धानाची गिरणी आली. मुली पुढे शिकायला बाहेर पडल्या. मिरची तोडायला तेलंगणात जाणारी घरं गावातच राहू लागली. बाहेरचे लोक यशाचं कारण शोधत गाडीतून यायचे. कोणती योजना, कोणता पुढारी, असं विचारायचे. इथे कुणाला वगळत नाहीत, एवढंच कारण होतं. पण ते नर्सबाईला कोण विचारतो!

मग तो उन्हाळा आला. व्यापारी दारात, भाव चांगला, पण एक घर नदीपल्याड लग्नाला गेलेलं आणि त्यांचा फोन लागेना. तेंदूचं पान कोवळं असतानाच तोडावं लागतं. पोरं विनवून थकली. "काका, पानं जून होऊन राह्यले!" भाऊ हलले नाहीत. "त्यायले सोडून कसं हो म्हनाचं? येऊ द्या." ते घर आलं, त्यांनी हो म्हटलं, पण तोवर व्यापारी दुसऱ्या गावाशी सौदा करून मोकळा झाला होता. पानं झाडांवरच जाड झाली. तुमचं चुकलं, असं मी भाऊंच्या तोंडावर सांगितलं.

पुढच्या वर्षी पोरांनी पाच जणांची कमिटी केली. निर्णय झटपट होऊ लागले. ज्यांना विचारलं नाही ती घरं रुसली आणि एकेक करून जुन्या ठेकेदाराकडे गेली. शेवटी कमिटीवालेही गेले. ठेकेदाराने पहिल्या वर्षी भाव चढा दिला आणि सगळे मुठीत आल्यावर पाडला. गिरणीला कुलूप लागलं, पोरं घुग्घुसला कोळशाच्या ट्रकांवर गेली. बैठकीला भाऊ आणि दोन-तीन म्हाताऱ्या उरल्या. मी भाऊंवर रागावले होते, पोरांवरही. आता कुणावरच रागावण्यात अर्थ राहिलेला नाही.

यंदा मे महिन्यात ठेकेदाराच्या फळीवर, म्हणजे जिथे पानांचे पुडे घेतात त्या मैदानात, भाऊ दिसले. डोक्यावर स्वतःच्या घरचे पुडे.

"भाऊ, तुमी इथी?"

"घरची बिमार हाये, बाई. एकट्याची गरामसभा होत नाई."

तेवढ्यात मुन्शीने मान वर न करता विचारलं, "आजपासून भाव कमी हाये. चालते न?"

"चालते," भाऊ म्हणाले. त्या होकाराला क्षणही लागला नाही.