गर्दी नसलेला विषय

आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शनाचा प्रकल्प कुठल्या विषयात घालायचा, हे प्रकल्प बघून ठरत नाही, गर्दी बघून ठरतं. निपाणीजवळच्या आमच्या मराठी शाळेचा हा रिवाज मी विज्ञान शिकवायला आले त्याच्याही आधीचा आहे आणि मीही तो मुकाट्यानं पाळत आले, हे आधीच सांगून टाकते.

गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीनं जुन्या कूलरचा पंखा तेलाच्या रिकाम्या डब्यात बसवून आणला. डब्याच्या तोंडाला ओलं पोतं बांधलेलं. तिची आई घरात विड्या वळते. सुपातल्या तंबाखूची धूळ पंखा ओढून घ्यायचा आणि ती पोत्याला चिकटायची. सोबत एक वही होती. तिच्यात दोन रकाने, ‘पंखा चालू’ आणि ‘पंखा बंद’. आई खोकली की एक रेघ. चालूच्या रकान्यात रेघा निम्म्याहून कमी होत्या. इतकं सरळ विज्ञान आमच्या शाळेत कुणी केलं नव्हतं, मीसुद्धा.

“आता आई लावू देत न्हाय, बाई,” ती म्हणाली. “पोरखेळ हाय म्हणती. पण बेळगावच्या प्रदर्शनात मोठ्या सायबांनी बघून बरं म्हटलं तर रोज लावतो म्हणालीया.”

तिला बक्षीस नको होतं. जाणत्या माणसाचा एक शब्द हवा होता.

मी अर्जावर ‘आरोग्य’ लिहिणार, एवढ्यात मुख्याध्यापकांनी तो ओढून घेतला. मागची सगळी प्रदर्शनं त्यांना तोंडपाठ.

“आरोग्यात डॉक्टरांची पोरं असत्यात, बाई. आईबाप प्रकल्प करत्यात आन् पोरं टाय घालून उभी ऱ्हात्यात. शेतीत बघंल तिकडं ठिबक. पर्यावरणात थर्माकोलचा डोंगर आन् त्यातनं निळं पाणी. गणितात बक्षिसं तीन आन् येत्यातच तिघं. नुसतं उभं ऱ्हायलं तरी तिसरा नंबर.”

“पण ह्यात गणित कुठं आहे, सर?”

“पंखा गोल फिरतोय न्हवं?”

झालं. प्रकल्पाचं बारसं झालं, ‘वर्तुळाकार गतीचा गणिती अभ्यास’. पात्यांचं क्षेत्रफळ मी काढून दिलं, सूत्रं रंगीत कागदावर लिहून घेतली, परीक्षक कन्नडमधून विचारतात म्हणून चार वाक्यं कन्नडमधून घोकून घेतली. आणि ती वही घरी ठेवायला सांगितली. खोकला दिसला की प्रकल्प आरोग्यात ढकलतील, ही अक्कल मात्र माझी स्वतःची. सगळ्या प्रकल्पात खरं गणित काय ते त्या वहीतच होतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

बेळगावात परीक्षक म्हणून गणिताचे एक प्राध्यापक आले. माणूस भला होता. त्यांनी कन्नडमधून त्रिज्या विचारली, तिनं सांगितली. परीघ विचारला, तोही सांगितला. ते वळले तशी ती मराठीतच म्हणाली, “सर, ह्यानं आईचा खोकला कमी हुतोय का, तेवढं सांगा की.”

मराठी त्यांना चांगलं कळत होतं. “ते आपल्या विषयात येत नाही, बाळ,” म्हणून ते पुढच्या टेबलाकडे गेले. पुढचं टेबल रिकामं होतं. त्या वर्षी तिसरा स्पर्धक आलाच नाही, त्यामुळे आमचा नंबर दुसरा आला. शाळेत पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

आठवड्यानं प्रमाणपत्र द्यायला मी तिच्या घरी गेले. आई सूप घेऊन बसली होती. डबा कोपऱ्यात, वर धुण्याची बादली.

“गणितात दुसरी आली व्हय,” आई खूश होऊन म्हणाली. “आन् पंख्याचं काय म्हणालं सायेब?”

“ते काही बोलले नाहीत. पण मी सांगते, चांगला आहे तो. लावत जा.”

“तुमी तिच्या बाईच की. तुमी चांगलंच म्हणणार.” तिचे हात चालूच होते. “ऱ्हाऊ दे. लई आवाज करतोय.”

मला माझीच लाज वाटली. काहीतरी समजावून सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तोवर तिला खोकल्याची उबळ आली. मुलीनं प्रमाणपत्र खाली ठेवलं, फळीवरची वही काढली आणि ‘पंखा बंद’च्या रकान्यात एक रेघ ओढली.