बोटभर ताई

ती आधी माणसाकडे बघायची नाही, दोन वस्तूंच्या मधल्या जागेकडे बघायची. टपरीवर चहाला बसली तरी बाकडं आणि भिंत यांच्यामध्ये बोट घालून बघणार. आमच्या बंजारा तांड्यावर तिचं नाव बोटभर ताई पडलं ते असं. पुण्यातल्या एका मोटार कंपनीत ती इंजिनियर होती. गाडीच्या पोटात इंजिन, बॅटरी, वायरी, सीटा आणि माणसं यांपैकी कुणाला किती जागा मिळणार हे ठरवायचं, कुणी कुणाला घासत नाही ना हे तपासायचं, हे तिचं काम. तिची याडी, म्हणजे आई, शेजारणींना सांगायची, "पोरगी गाडीत जागा धरून देते." यष्टीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तशी, असंच सगळ्यांना वाटायचं.

ताई ते खोडून काढत नसे. "खोटं न्हाई ते. मिटिंगमध्ये एसीवाला भांडतो, बॅटरीवाला भांडतो. मागच्या सीटवर बसणारा तिथं नसतोच. त्याच्याकडून मी भांडते." मी पत्रकं लिहिणारा, मोर्चे काढणारा. थंड खोलीत बसून केलेल्या भांडणाला मी भांडण मानत नव्हतो आणि तसं तिला तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "तू रस्त्यावर ओरडतो तवा समोरच्याला नेमकं किती सरकायला सांगतो, ते तरी ठाऊक असतं काय तुला?" मला तिचा राग आला. अजूनही थोडा आहे.

आमच्या तांड्यावरून रुग्णवाहिकेला फोन लावला की उत्तर येतं, "निघाली आहे." निघालेली गाडी पोचत का नाही, हे सांगायला कुणी बांधील नाही. तांड्यातल्या सुमनचं पहिलं लेकरू त्या वाट बघण्यातच गेलं. दुसऱ्या खेपेला तिचे दिवस भरत आले तेव्हा आम्ही पोरांनी एक जुनी व्हॅन मिळवली आणि वारंगा फाट्यावर चाचांच्या गॅरेजात तिची रुग्णवाहिका करून घेतली. स्ट्रेचर, ऑक्सिजनची टाकी, सोबतच्या बाईसाठी छोटं बाकडं. आणि माझ्या हट्टाने भोंग्याची भलीमोठी पेटी. गाडी गावोगाव फिरणार, तर आमचं म्हणणंही फिरलं पाहिजे.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, सुटीवर आलेली ताई गॅरेजात आली. चाचा म्हणाले, "देख लो बेटा, सब बराबर बैठा है." ताईचं बोट फिरत फिरत ड्रायव्हरच्या सीटमागे टाकीपाशी थांबलं.

"मोजताना सीटवर कोण होतं, चाचा?"

"मैं ही था."

चाचा बुटके. गाडी चालवणार होता भीमा, तांड्यातला सगळ्यात उंच गडी. ताईने त्याला बसवलं. त्याने सवयीने सीट मागे सरकवली आणि मागून कट्‌ असा आवाज आला. सीटची कड टाकीच्या तोंडावरच्या मीटरला टेकली होती.

"उभ्या गाडीत सगळंच बसतं," ताई म्हणाली. "खड्ड्यात हे आपटून आपटून तुटंल. असं न्हाई जमायचं."

"आणि सुमनला आजच कळा आल्या तर?" मी आवाज चढवला.

"काहून डोकं खाऊन राहिला? टाकी हलवू."

चाचांनी उपाय सांगितला, बाकडं काढा, टाकी तिथे मावते. मी हो म्हणून टाकलं.

"सुमनची याडी कुठं बसंल?"

"पुढे बसेल, भीमाजवळ."

"तिथून तिचा हात पोचतो काय लेकीपर्यंत?"

ताई माझ्याकडे वळली. "गाडीत नवी जागा तयार होत न्हाई. कुणाची तरी घ्यावी लागते. तुझी पेटी काढ, टाकी तिथं बसंल."

मी भडकलो. शहरात पगार खाणाऱ्यांनी चळवळीची जागा ठरवू नये, असंही बोलून गेलो. तिने ऐकून घेतलं.

"मीच ठरवते. पाना दे."

उद्घाटन भोंग्याविना झालं. भाषण पहिल्या रांगेच्या पलीकडे गेलं नाही. ताई पुण्याला परतली.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, सुमनला कळा सुरू झाल्या. मी पुढे भीमाजवळ, मागे सुमन आणि तिची याडी. शिरड शहापूरच्या अलीकडे शेळ्यांचा कळप आडवा आला. भीमाने कचकन ब्रेक दाबला. टाकी जागची हलली नाही. मागून सुमन ओरडली आणि मग याडी, "थांबू नको रं, चालव."

मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. सुमनचा आवाज एकदम बंद झाला. लेकराचाही येईना. भीमाने माझ्याकडे पाहिलं, मी रस्त्याकडे. मग याडीचं काहीतरी पुटपुटणं, एक थाप, दुसरी थाप. आणि बारीक रडणं.

औंढ्याच्या दवाखान्यात नर्सने दार उघडलं तेव्हा याडी स्ट्रेचरला खेटून बसली होती, पदरात लेकरू. जन्मताना नाळ लेकराच्या मानेभोवती होती. याडीने ती बसल्या जागेवरून बोटाने सोडवली होती. पुढच्या सीटवरून ते कुणाच्या बापाला जमलं नसतं.

संध्याकाळी मी ताईला फोन केला. सगळं एका दमात सांगायचं ठरवलं होतं, पण पहिलं वाक्यही पुरं होऊ न देता तिने विचारलं, "याडी कुठं बसली होती?"

"बाकड्यावर," मी म्हणालो. "सुमनच्या कमरेशी."

"वळता येत होतं तिला? मोकळं?"

"व्हय."

मग ती म्हणाली, "बरं झालं. आता सांग, पोरगी का पोरगा?"