मन बदलण्याची टेस्ट

वर्तमानपत्राची आमची आवृत्ती बंद झाली तेव्हा मी शहर पानावर उपसंपादक होते. त्यानंतर नोकरी मिळाली ती आयटी पार्कजवळच्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत, वेब पानांच्या टेस्ट, म्हणजे पान नीट चालतं का ते आपोआप तपासणारे छोटे प्रोग्राम, लिहिण्याची. लोकांना वाटतं तितकं अंतर या दोन कामांत नाही. दोन्हीकडे दुसऱ्याने केलेलं तपासायचं असतं आणि आपलं नाव कुठेच येत नाही.

पहिलं मोठं काम ड्रॉपडाउनचं होतं. छोट्या बाणावर क्लिक केलं की पर्यायांची रांग खाली उघडते आणि त्यातला एक निवडायचा असतो. आमच्या प्रत्येक पानावर असे ड्रॉपडाउन होते. विभाग, पाळी, रजेचा प्रकार, रक्तगट. प्रत्येकासाठी वेगळी टेस्ट लिहिण्यात अर्थ नव्हता, म्हणून सगळ्यांना चालेल अशी एकच लिहिली. तिला ड्रॉपडाउनचं नाव आणि हवा तो पर्याय सांगायचा. ती पान उघडते, रांग पूर्ण दिसेपर्यंत थांबते, पर्याय निवडते, साठवते, आणि निवडलं तेच साठलं का ते पाहते. बरोबर असेल तर हिरवी खूण, नसेल तर लाल. नवीन पान आलं की फक्त नाव आणि पर्याय बदलायचा.

टीमच्या प्रमुखाला ही सोय आवडली. "पेपरवाल्या मॅडमनी एकच बातमी रोज छापायची व्यवस्था केली," तो म्हणाला.

त्या वर्षी आमच्याकडे हिंगण्याच्या एका कारखान्याचं काम आलं. कंपनीच्या बसची सीट कामगारांनी मोबाईलवरून निवडायची होती. आधी एका ड्रॉपडाउनमध्ये मार्ग, मग दुसऱ्यात त्या मार्गावरचा थांबा. निवडलं की पुढच्या सोमवारी सकाळी मोबाईलवर पास येतो. तो दाखवल्याशिवाय ड्रायव्हर गाडीत घेत नाही. टेस्ट सगळ्या मार्गांवर चालवली, सगळ्या थांब्यांवर चालवली. सगळीकडे हिरवं आलं आणि पान सुरू झालं.

माझी धाकटी बहीण त्याच कारखान्यात पॅकिंगला होती, कंत्राटावर. लग्नानंतर ती मानकापूरला राहायची आणि नवरा तिला सकाळी मोटरसायकलवर बसच्या थांब्यापर्यंत सोडायचा. पान सुरू झालं त्याच आठवड्यात ती एक बॅग घेऊन नंदनवनला आमच्या घरी आली. नवऱ्याने हात उचलला होता. पहिल्यांदा नाही, हे तिने आईला सांगितलं. मला ते आईकडून कळलं.

तिला गाडी चालवता येत नव्हती. पहिल्या पाळीला वेळेवर पोचायचं तर कंपनीच्या बसशिवाय मार्ग नव्हता, आणि उशीर झाला की कंत्राट पुढे वाढत नसे. नंदनवनची सीट मिळाली तर ती आमच्याकडे राहून नोकरी करू शकणार होती. नाही मिळाली तर एक काहीतरी सोडावं लागणार होतं.

सीट तिने स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून निवडली. मी समोर भाजी निवडत होते. तिने आधी मार्गात मानकापूर निवडलं, थांब्यात नेहमीचा थांबा निवडला, आणि साठवायच्या आधी थांबली. मोबाईल तसाच उघडा ठेवून चहा ठेवला. चहा गाळून झाल्यावर परत मोबाईल उचलला, मार्ग बदलून नंदनवन केला, थांबाही बदलला आणि बटण दाबलं.

"झालं वं ताई," ती म्हणाली.

पडद्यावर नंदनवन दिसत होतं. मीही पाहिलं.

सोमवारी सकाळी नंदनवनच्या थांब्यावर ड्रायव्हरने तिला परत पाठवलं. पासवर मानकापूर होतं. मी तिला स्कूटीवर मागे घेऊन हिंगण्याला निघाले.

"ते पान तूच बनवलं न?" सीताबर्डी ओलांडल्यावर तिने विचारलं.

"बनवलं दुसऱ्यांनी. मी तपासलं."

"मंग काय तपासलं वं?"

गेटवर तिच्या नावापुढे उशीर लागला. सुपरवायझरने घड्याळाकडे पाहिलं, असं तिने नंतर सांगितलं.

ऑफिसात जाऊन मी आधी टेस्ट चालवली. ती हिरवी आली. मग बहिणीने केलं तसंच हाताने केलं. मानकापूर निवडलं, न साठवता बदलून नंदनवन केलं, साठवलं. पडद्यावर नंदनवन आलं, पण साठलं मानकापूर. पानाने पहिली निवड धरून ठेवली होती. टेस्ट दर वेळी कोऱ्या पानावर एकच पर्याय निवडत होती. तिला काय हवं ते आधीपासून माहीत होतं, त्यामुळे हे तिच्यासमोर कधी आलंच नव्हतं.

प्रमुखाला दाखवलं.

"मानकापूर हिरवं आहे, नंदनवन हिरवं आहे," तो म्हणाला. "आता काय राहिलं?"

"एकाच बैठकीत आधी एक, मग बदलून दुसरं."

"असं कोण करते, मॅडम?"

"एका कामगाराने केलं." नाव सांगितलं नाही. बातमीत सूत्राचं नाव न देण्याची सवय होती.

"त्याले म्हणा, एकदा ठरवून बटण दाबत जा." मग तो जरा गंभीर झाला. "तुमच्या पेपरात दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्र छापून मोकळं होता येते. इथं क्लायंट पहिले विचारन, की हे तुम्ही काहून नाही पाहिलं? पुढच्या डिलिव्हरीत टाकू. टेन्शन नका घेऊ."

पुढची डिलिव्हरी, म्हणजे दुरुस्त पान कारखान्याला द्यायची तारीख, महिन्याच्या शेवटी होती. तोपर्यंत एकदा साठलेली निवड कामगाराला परत बदलता येत नव्हती, म्हणजे बहिणीचा पास मानकापूरचाच राहणार होता. सकाळी मी तिला स्कूटीवर सोडायचे. संध्याकाळी तिची पाळी सुटायची तेव्हा मी ऑफिसात असायचे. परतीला तिला एकाच बसमध्ये बसता येत होतं, मानकापूरच्या. तिथे उतरून शेअर ऑटोने सीताबर्डी आणि तिथून नंदनवन.

मानकापूरच्या थांब्यावर नवरा मोटरसायकल घेऊन उभा असायचा. हे तिने दोन-तीन दिवस सांगितलं नाही.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"काही नाही. सीताबर्डीपर्यंत सोडून देतो म्हणे."

"तू बसली?"

"एकदाच बसली. पाऊस होता." मग म्हणाली, "तू तं असं विचारून राहिली जसं पेपरात टाकायचं आहे."

आई पोळ्या लाटत होती. "तिले खाऊ दे आधी," ती म्हणाली.

मी नवीन टेस्ट लिहायला घेतली. तिला ड्रॉपडाउनचं नाव आणि दोन पर्याय द्यायचे. ती पहिला निवडते, साठवत नाही, दुसरा निवडते, मग साठवते, आणि दुसरा साठला का पाहते. ही टेस्टही कुठल्याही पानाला लावता येईल अशीच लिहिली, कारण एका पानावरची चूक प्रमुख पुढे ढकलू शकत होता. आमच्या सगळ्या पानांवर चालवली. पाळीच्या ड्रॉपडाउनवर लाल आलं. रजेच्या प्रकारावर लाल. विभागावर लाल. जिथे जिथे एका निवडीवर दुसरी अवलंबून होती, तिथे सगळीकडे लाल.

प्रमुखाने माझ्या पडद्यावरच्या लाल खुणा पाहिल्या. मग खुर्ची ओढून बसला.

"हे क्लायंटच्या लक्षात यायच्या आधी दुरुस्त करू," तो म्हणाला. शुद्धिपत्राचा विषय परत निघाला नाही.

दुरुस्ती त्याच आठवड्यात झाली. कारखान्याने कामगारांना सीट पुन्हा निवडायची मुभा दिली. ते संध्याकाळी बहिणीला सांगताना मला बरं वाटत होतं. तिने मान हलवली आणि मोबाईल घेऊन ओट्याला टेकली. या वेळी मी तिच्या बाजूलाच उभी होते.

तिने मार्गात नंदनवन निवडलं. थांब्यात आमच्या चौकातला थांबा निवडला. बटणावर अंगठा नेला आणि तसाच धरून ठेवला. आई दाराशी आली आणि परत गेली.

"तो बदलला म्हणते," बहीण म्हणाली. माझ्याकडे न पाहता.

"तुला वाटतं?"

"मले काय वाटते ते काहून विचारते वं? इथं किती दिवस राहू मी, सांग."

"हवं तितके दिवस राहा," मी म्हटलं. घर दोन खोल्यांचं होतं. ती ऐकून घेतल्यासारखं हसली.

मग तिने मार्गाचा ड्रॉपडाउन परत उघडला आणि मानकापूर निवडलं. थांब्याची रांग नव्याने आली, त्यातला तिचा जुना थांबा निवडला. बटण दाबलं आणि मोबाईल माझ्या हातात दिला.

"या वेळी बरोबर साठलं का, पाहून दे."

मी पान बंद करून पुन्हा उघडलं. मार्ग मानकापूर, थांबा तिचाच. बरोबर साठलं होतं, तसं तिला सांगितलं.