टेम्पोतली शेवटची जागा

मेरीताईला तुम्ही टीव्हीवर बघितलं नसेल. तिच्या मॅचेस टीव्हीवर लागत नाहीत, मोबाईलवर लागतात, आणि त्याही ऐन वेळेला गोल गोल फिरत थांबतात. ती माझी मावसबहीण, कोल्हारची, वय चोवीस. भारताच्या मुलींच्या सेव्हन्स रग्बी टीममध्ये खेळते आणि कॅम्प नसतो तेव्हा लंकाबाईच्या टोळीत टरबुजं भरते. गावातल्या लोकांना यातलं दुसरं काम कळतं. पहिल्याबद्दल ते विचारतात, "अजून चालू हाय का ते?"

आधी टरबुजाचं सांगते, कारण सगळं तिथूनच झालं.

शेतात टरबुजांचा ढीग असतो आणि बांधावर टेम्पो असतो. मध्ये आठ-नऊ बाया रांगेत उभ्या राहतात. पहिली उचलते, दुसरीकडे फेकते, दुसरी तिसरीकडे, असं करत माल टेम्पोपर्यंत जातो. टेम्पोत उसाचं पाचट अंथरलेलं असतं आणि शेवटची बाई ते त्यावर लावून ठेवते. फेकायचा एकच नियम आहे. जिला झेलायचंय तिनं आधी फेकणारीचं नाव घ्यायचं. नाव ऐकलं की सोडायचं, नाही ऐकलं तर पोटाशी धरून उभं राहायचं. एवढ्यानं दिवसाला दोन दोन टेम्पो भरतात आणि एकही फुटत नाही. मेरीताई चौदाव्या वर्षापासून सुट्टीत या रांगेत उभी राहायची. कायम मधल्या जागेवर. मधल्या जागेला सगळ्यात चपळ बाई लागते.

ती एकोणीस वर्षांची होती तेव्हा नृसिंह सर, म्हणजे राहात्याच्या एका कॉलेजातले खेळाचे सर, मनमाड रोडनं चालले होते. एक टरबूज घ्यावं म्हणून गाडी लावली आणि अर्धा तास बांधावर नुसते उभेच राहिले.

"ती मधली मुलगी कोण आहे हो?" त्यांनी शेवटी विचारलं.

लंकाबाई, टोळीची मुकादम, टेम्पोतूनच म्हणाली, "का वो? लग्नाचं हाय का?"

सर एवढे लाजले! "नाही हो. खेळाचं आहे."

"मग न्या. पर सीझन झाल्यावर. आत्ता न्हाई सोडायची मी."

सर टरबूज न घेताच गेले. दुसऱ्या दिवशी अंड्यासारखा एक बॉल घेऊन आले आणि बांधावरनंच तिच्याकडे फेकला. तिनं तो झेलला, पोटाशी धरला आणि विचारलं, "आता कुणाला देऊ?"

सर अजून सांगतात, या खेळात पोरींना हे वाक्य शिकवायला दोन वर्षं जातात.

रग्बीत बॉल पुढे फेकता येत नाही, मागे किंवा बाजूलाच द्यायचा. सेव्हन्समध्ये सात जणी आणि सात-सात मिनिटांचे दोन हाफ, खलास. मेरीताईचं काम इथेही मधलंच होतं. इकडून घे, तिकडे दे. पळत जाऊन ट्राय, म्हणजे रग्बीतला गोल, मारणाऱ्या पोरी वेगळ्या, त्यांच्या पायाला चाकं असतात. ही देणारी. कॉलेज, मग जिल्हा, मग महाराष्ट्र, आणि गेल्या वर्षी भारताचा कॅम्प.

यंदा सीझनला तीन स्पर्धा होत्या. फेब्रुवारीत काठमांडू, मार्चमध्ये मस्कत, मेमध्ये कोलंबो. काठमांडूत आपण चौथे आलो आणि ताईच्या हातातून एकसुद्धा बॉल पडला नाही. शांतवनकाका, म्हणजे तिचे पप्पा, शाळेत शिपाई आहेत, त्यांनी चर्चमध्ये उभं राहून उपकारस्तुती केली. पाळकसाहेबांना रग्बी काय ते समजावता समजावता भक्ती पंधरा मिनिटं लांबली.

मग मस्कत झालं.

ते लिहायला मला आजही कसंतरी होतं. आपण दोन पॉइंटनी मागे, वेळ संपलेली, पण बॉल चालू होता. अशा वेळी बॉल मेला, म्हणजे खेळ थांबला, की मॅच संपते. ताईकडे बॉल आला, तिनं बाजूला देण्यासाठी बघितलं तर समोर जागाच जागा. ती पळाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं बॉल दिला नाही आणि स्वतः पळाली! लाईन ओलांडली. आता फक्त बॉल जमिनीला टेकवायचा, की ट्राय, पाच पॉइंट, मॅच आपली. जवळ दुसऱ्या टीमची एकही पोरगी नाही. आम्ही सगळे इथे उड्या मारतोय.

आणि तिच्या मागून आपलीच एक पोरगी, ओडिशाची, दोन्ही हात वर करून आनंदानं ओरडली, "मेरीऽऽ!"

ताईनं बॉल तिच्याकडे फेकला.

त्या पोरीचे हात हवेत. बॉल तिच्या छातीवर आपटला, पुढे पडला. याला नॉक-ऑन म्हणतात, चूक धरतात. शिट्टी. संपली मॅच.

मोबाईल भागवतमामाच्या हातात होता. टेम्पो त्याचा आहे, त्यामुळे रेंजवाला मोबाईलही त्याचाच. तो म्हणाला, "अरे, ह्या येडीनं दिऊन टाकलं!" सगळे हसले. मला इतका राग आला की मी घरी निघून आले आणि रडले. लंकाबाई मात्र हसली नाही. तिनं एवढंच विचारलं, "त्या पोरीनं हिचं नाव घेतलं हुतं का?" मी हो म्हटलं. "मग हिचा काय गुन्हा? हात सुटनारच."

पण हे कोच अंबिका मॅडमना कोण सांगणार? कोलंबोला बारा जणी जाणार होत्या आणि कॅम्पमध्ये चौदा होत्या. मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी ताईला आठ दिवस घरी पाठवलं आणि सांगितलं, "तुझे हात देतात, हे मला आवडतं. पण परत आल्यावर मला बॉल ठेवून दाखव. ठेवता आला नाही तर तुझं नाव मी लिहिणार नाही."

ताई घरी आली. दोन दिवस अंगणाच्या बाहेर गेली नाही. मी तिला म्हटलं, चल, मी ओरडते तुझं नाव, तू प्रॅक्टिस कर. अंगणात केलं. व्यवस्थित ठेवत होती. मग ती बसली आणि म्हणाली, "सिल्व्हिया, तू ओरडतेस ते मला माहितीये की तू ओरडणारेस. तसं जमतंच. कॅम्पातपण जमतं. पण न सांगता कोणी मनापासून ओरडलं ना, की माझे हात मला विचारत नाहीत."

तिसऱ्या दिवशी लंकाबाई स्वतः दारात आली. "सलाम शांतवनभाऊ. पोरगी घरात बसून काय उबवती? माल निघालाय, पाठवा."

काका म्हणाले, "आक्का, तिचं मन नाय."

"मन घरी राहू द्या. हात पाठवा."

शेतावर ताई सवयीनं मधल्या जागेवर जाऊन उभी राहिली. लंकाबाई ओरडली, "तिथं न्हाई! वर चढ."

"वर तर तू असतेस."

"माझं गुडघं गेलं. आज मी खाली. तू ठिव."

दहा वर्षांत ताई कधी टेम्पोत चढली नव्हती. ती जागा लंकाबाईची. ताईनं पदर खोचावा तसा टी-शर्ट खोचला आणि चढली. खालून पहिलं टरबूज आलं, तिनं झेललं, पाचटाकडे वाकली, आणि लंकाबाई खालून जीव खाऊन ओरडली, "मेरेऽऽ!"

टरबूज सुटलं. थेट भागवतमामाच्या पायापाशी फुटलं. मामाची पांढरी पँट लाल.

"अगं ए! माझ्यावर राग हाय का तुझा?"

"हाय की," ताई म्हणाली. दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

लंकाबाईनं फुटलेलं टरबूज सगळ्यांना वाटलं आणि म्हणाली, "आयका गं. आजपासून हिचं नाव कुनीबी कवाबी घ्यायचं. भूक लागली, घ्या. साप दिसला, घ्या." आणि ताईला म्हणाली, "रांगंत तुज्या म्होरं कुनीतरी असतंय. हितं तुज्या म्होरं कोन हाय?"

ताईनं मागे वळून बघितलं. टेम्पोची केबिन होती.

"कुनी न्हाई. मग कुनाला देती? हितं आलं की संपलं. दोन तळवं खाली, पोटाशी, गुडघा टेक, पाचटात ठिव, आन् हात लगीच काढू नको. बसलं का बघ. मग काढ."

त्या दिवशी पाच फुटली. दुसऱ्या दिवशी दोन. टोळीला तर खेळच मिळाला. पाणी पिताना ओरडायच्या, एकदा एक बाई खोटं खोटं रडतच ओरडली. भागवतमामा हॉर्न वाजवून ओरडायचा. रस्त्यानं जाणारी एसटी थांबली आणि कंडक्टरनं विचारलं, "ही मेरी कोण, काय झालं तिला?" चौथ्या दिवशी एकही फुटलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी लंकाबाईचा पाय बांधावरून खरोखर घसरला आणि ती खरोखर किंचाळली, "मेरेऽऽ!" ताईनं हातातलं टरबूज पाचटात टेकवलं, बसलं का बघितलं, आणि मग उडी मारून धावली.

लंकाबाई मातीत बसल्या बसल्या म्हणाली, "जा आता त्या मॅडमकडं."

ताई कॅम्पला परत गेली आणि यादी पुढच्या रविवारी आली. काकांनी त्या दिवशी जेवणाआधीच्या प्रार्थनेत सगळ्यांसमोर, "आणि प्रभू, मेरीचा बॉल जमिनीला लागू दे," असं म्हटलं होतं आणि मी डोळे मिटूनच हसले होते. बारावं नाव तिचं होतं.

कोलंबोत पहिल्या दोन मॅच ती बाकावरच. तिसऱ्या नंबरासाठीची मॅच रविवारी दुपारी होती. आम्ही शेतात टेम्पोच्या सावलीत, अकरा माणसं आणि एक मोबाईल. आपण बारा पॉइंटनी मागे होतो. शेवटची तीन मिनिटं राहिली तेव्हा मॅडमनी तिला आत पाठवलं. दोनदा बॉल आला, दोनदा तिनं दिला, काय सुंदर दिला. तिसऱ्यांदा समोर जागा होती.

ती पळाली. मोबाईल गोल गोल फिरायला लागला. भागवतमामानं तो हवेत उंच धरला, देवाला दाखवल्यासारखा. परत चित्र आलं तेव्हा ती लाईनच्या पलीकडे होती, आणि तीच ओडिशाची पोरगी मागून धावत येत होती, तोंड उघडं, हात वर. आवाज आम्हाला आला नाही. पण काय ओरडली ते आम्हाला सगळ्यांना कळलं.

ताईनं गुडघा टेकला. दोन्ही हातांनी बॉल गवतात ठेवला. आणि हात काढले नाहीत. रेफ्रीचा हात वर गेला, शिट्टी झाली, ती पोरगी तिच्या अंगावर येऊन पडली, तरी ही तशीच, बॉल बसलाय का बघत.

मॅच आपण हरलो. ट्रायनंतरच्या किकचे दोन धरूनही पाच पॉइंटनी. आम्ही ओरडत होतो तेवढं जिंकलेल्यांनीपण ओरडलं नसेल.

लंकाबाईला स्कोअर कळत नाही. तिनं मोबाईल जवळ घेऊन परत एकदा बघितलं, पदरानं काच पुसली आणि परत बघितलं.

"सावकाश ठिवलं," ती म्हणाली. मग गुडघ्यावर हात देऊन उठली आणि टोळीकडे वळली. "चला गं. निम्मा टेम्पो राहिलाय."